विश्लेषण : ‘चुकलेले’ नाणे खरेच लाखमोलाचे? टाकसाळीतील दोष आणि नुसते खराब झालेले नाणे कसे ओळखायचे?

‘तुमच्याकडे हे नाणे असेल तर लाखो रुपये मिळतील,’ अशा चित्रफिती मोबाइलवर थांबायचे नाव घेत नाहीत. काळपट पडलेली कड, पुसट झालेला अंक किंवा एका बाजूने चपटलेले नाणे दाखवून ‘ही टाकसाळीची दुर्मीळ चूक’ असे सांगितले जाते. टाकसाळीत चुका होतात आणि त्यासाठी संग्राहक पैसे मोजतात, हे खरे. पण अशा चित्रफितींतली बरीचशी नाणी टाकसाळीतून बाहेर पडली तेव्हा धडधाकट होती. त्यांचे जे काही झाले, ते नंतर झाले.

फसवणूक नेमकी कशी होते?

नाणे घेणारा कुणी नसतोच. आधी ‘नोंदणी शुल्क’ मागितले जाते, मग जीएसटी, मग कुरिअरचा खर्च. प्रत्येक टप्प्यावर आकडा वाढतो आणि ‘आता एवढे भरले की झाले’ म्हणत माणूस भरत राहतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला. बँकेचे नाव आणि बोधचिन्ह वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी शुल्क, कमिशन किंवा कर मागितला जात असल्याचे त्यात म्हटले होते. बँक असे व्यवहार करत नाही आणि तिने त्यासाठी कुणाला अधिकारही दिलेले नाहीत. मुळात रिझर्व्ह बँक नाणी पाडतच नाही. ती केंद्र सरकारच्या मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथील टाकसाळींत पडतात. बँक ती फक्त वितरित करते.

टाकसाळीत चूक शिरते कुठे?

धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात, त्या तापवून मऊ करतात, त्यांची कड किंचित उचलतात. मग प्रत्येक चकती एका कड्यात बसवून वरून-खालून दोन साच्यांमध्ये दाबली जाते. त्या एका दाबात धातू साच्याच्या खोलगट भागात घुसतो आणि चित्र, अंक, अक्षरे उठतात. म्हणजे चूक तीनच ठिकाणी होऊ शकते : चकतीत, साच्यात किंवा दाबात. हातातल्या नाण्याला विचारायचा प्रश्नही तोच. ‘हा दोष यापैकी कोणत्या पायरीवर आला असेल?’ उत्तर सापडत नसेल तर नाणे बहुधा खराब झालेले आहे.

रेष उठलेली की खोल?

घरच्या घरी करता येईल अशी ही सर्वांत सोपी तपासणी. साच्याला तडा गेला तर दाबाच्या वेळी धातू त्या तड्यात शिरतो. त्यामुळे नाण्यावर रेष उठून येते. नंतर पडलेला ओरखडा मात्र धातू खरवडत जातो, त्याची रेष खोलगट असते आणि तिच्या दोन्ही काठांवर धातू ढकललेला दिसतो. नखाने किंवा भिंगाने फरक कळतो.

गायब अक्षरांचेही तसेच. साच्यात वंगण-धूळ साचली तर अक्षर उमटतच नाही, पण आजूबाजूचा भाग जसाच्या तसा असतो. अक्षर कानशीने घासून काढले असेल तर त्या जागी बारीक चरे दिसतात. या दोन्हींतले मूळ तत्त्व एकच : खऱ्या चुकीत तो भाग कधी घडलेलाच नसतो, नुकसानीत घडलेला भाग मोडलेला असतो.

तुकडा कापलेला असेल तर?

चकत्या कापताना पट्टी नीट पुढे सरकली नाही, तर नवी चकती आधीच्या भोकावर येते आणि तिचा चंद्रकोरीसारखा तुकडा कमी राहतो. अशी चकती कड उचलण्याच्या यंत्रात गेली, की कापलेल्या बाजूच्या बरोबर समोर दाब पुरेसा मिळत नाही आणि तिथली कड कमजोर राहते. याला ‘ब्लेकस्ली परिणाम’ म्हणतात. कातरीने किंवा ग्राइंडरने नंतर कापलेल्या नाण्याची समोरची कड ठणठणीत असते. फसवणूक करणाऱ्याला हे सहसा ठाऊक नसते, म्हणून ही खूण फार उपयोगी.

चित्र एका बाजूला सरकलेले नाणे वेगळे. तिथे चकती पूर्ण असते, म्हणून वजनही पूर्ण भरते. वजन तपासताना मालिका मात्र पाहावी. २०११च्या मालिकेतील एक रुपया ३.७९ ग्रॅमचा आहे, २०१९च्या मालिकेतील ३.०९ ग्रॅमचा. हा दुसरा लहान आणि हलका म्हणून ‘चुकीचा’ ठरवणारेही आहेत!

रंग बदललेली नाणी?

इथे सर्वाधिक गल्लत होते. देवाच्या कलशात राहिलेले, नदीतून काढलेले, होमात किंवा चुलीत सापडलेले नाणे रंग बदलणारच. स्टेनलेस स्टील तापले की पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर जाड होतो आणि सोनेरी-निळसर झाक येते. इंजिनीअरिंगच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगच्या शेजारी दिसते तीच ही झाक. टाकसाळीशी तिचा संबंध नाही.

चुकीच्या धातूच्या चकतीवर नाणे पडणे ही मात्र खरी आणि मौल्यवान चूक असू शकते. अमेरिकेत १९४३ मध्ये युद्धामुळे एक सेंटचे नाणे जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे केले गेले, पण काही मोजकी नाणी चुकून जुन्या कांस्य चकत्यांवर पडली. त्यांची किंमत इतकी वाढली, की पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा देऊन खपवण्याचे प्रकार सुरू झाले. त्यांचे बिंग फोडते ते साधे लोहचुंबक. हीच युक्ती आपल्याकडेही चालते. स्टीलचा एक रुपया फ्रिजवरच्या चुंबकाला चिकटतो. तो तांबूस दिसत असूनही चिकटला, तर आतला धातू ठरलेलाच आहे.

चूकच नसलेली ‘चूक’ कोणती?

वर्षाच्या खालची खूण. चौकटच्या आकाराची खूण मुंबईची, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा. कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते. ‘चिन्ह नसलेले दुर्मीळ नाणे’ म्हणून विकले जाते ते बहुतेकदा कोलकात्याचे. दहा रुपयांच्या नाण्यावर रुपयाचे चिन्ह असो वा नसो, दोन्ही खरी. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने तोवरच्या १४ रचना वैध असल्याचे स्पष्ट केले होते.

स्वतःच ‘चूक’ घडवली तर?

दहा रुपयांच्या नाण्याचा मधला भाग हातोडीने ठोकून काढणारे आहेत. कड्याच्या आतल्या काठावर ठोकल्याच्या खुणा राहतात, त्यामुळे जाणकार फसत नाही. शिवाय नाणे कायदा, २०११ नुसार विद्रूप केलेले किंवा ठरलेल्या मर्यादेपेक्षा वजन घटलेले नाणे वैध चलन राहत नाही. लाख मिळायचे दूरच, दहा रुपयेही जातात. नाणी नष्ट करणे तर गुन्हाच आहे.

खरी चूक वाटणारे नाणे हाती आले तर?

ते चिंचेने किंवा पितांबरीने घासू नये. घासलेला पृष्ठभाग परत येत नाही आणि संग्राहक त्याची किंमत कमी करतो. साच्याचा बारीक तडा वगैरे किरकोळ दोष असेल तर दर्शनी किमतीहून फार काही मिळत नाही, हेही लक्षात असू द्यावे. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर वजन करून घ्यावे, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढावेत आणि नाणी-प्रदर्शनात दोन-तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांना दाखवावे. मत देण्याआधीच जो पैसे मागेल, त्याच्यासमोरून नाणे उचलून पुढच्या टेबलाकडे जावे.