पाच पट्टे, पाच माणसे

मागच्या रविवारी वस्तीतील एका तरुणाने आम्हास रस्त्यात थांबविले. "काका, तुम्ही २०२१ साली उंच गाडी घेतलीत. मीही घ्यावी म्हणतो. कसा अनुभव आहे?" उभ्या उभ्या काय सांगणार? शिवाय असा विचार आज अनेक घरांत चालू आहे. म्हणून उत्तर या सदरातूनच देत आहोत.

प्रथम ही छोटी एसयूव्ही म्हणजे काय ते समजून घ्यावे. २००६ च्या अर्थसंकल्पात ४ मीटरपर्यंत लांबीच्या व लहान इंजिनाच्या मोटारींवरील अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्के झाला. मग कंपन्यांनी लांबी त्या मापात बसविली आणि उंची वाढविली. २०१६ ची विटारा ब्रेझा आणि २०१७ ची नेक्सॉन या त्यातील गाजलेल्या गाड्या. नेक्सॉन आपल्या पुणे जिल्ह्यात, रांजणगावला तयार होते. २०१८ साली ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी तिला पाच तारे मिळाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान इंजिनाच्या अशा गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. मात्र इंजिन पेट्रोलला १२०० आणि डिझेलला १५०० सीसीच्या आत हवे. केवळ लांबी पाहून सवलत मिळत नाही.

आता सुख सांगतो. आमच्या आईचे गुडघे दुखतात. लहान गाडीत तिला वाकून खाली बसावे लागे, उतरताना दोघांनी हात द्यावा लागे. या गाडीचे आसन कमरेच्या उंचीला येते, ती आपली आपण बसते. गाडीचे पोट जमिनीपासून सुमारे २० सेंटिमीटर वर असल्याने पावसाळ्यातील खड्डे आणि गावाकडची कच्ची वाट यांची धास्ती राहत नाही.

दुःखही सांगितले पाहिजे. गाडीची रुंदी १ मीटर ८० सेंटिमीटरच्या आसपास. आमच्या गल्लीत ती लावताना रोज आरसे मिटावे लागतात. मागच्या आसनावर तिसरा माणूस खांदा तिरका करूनच बसतो. पेट्रोल शहरात लिटरला १२-१३ किलोमीटर, महामार्गावर १७.

हिशेब तर कागदावरच मांडावा. ७ लाख कर्ज ९ टक्क्यांनी ७ वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ११,२६० रुपये बसतो आणि व्याज २ लाख ४६ हजार जाते. तेच ५ वर्षांत फेडले तर हप्ता १४,५३० होतो, पण व्याजाचे ७४ हजार वाचतात. महिन्याला ८०० किलोमीटर धावली तर पेट्रोलचे सहा हजार निराळे. त्यावर विमा, सर्व्हिसिंग आणि पुढे टायर. मुलांच्या फीचे पैसे बाजूला काढून जे उरते त्यात हे सर्व बसत असेल, तरच शोरूमची पायरी चढावी.

परंतु या सर्वांपेक्षा महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. गाडी बाहेरून ऐसपैस दिसते, म्हणून "अजून एक बसेल" असे प्रत्येकास वाटते. गाडी घेतली त्याच वर्षी एका साखरपुड्याला आम्ही सातजण निघालो. पुढे मांडीवर नातू होता. कसारा घाटात पुढच्या ट्रकने ब्रेक मारला, आम्हीही मारला. वेग चाळीसचाही नव्हता. पोराचे कपाळ डॅशबोर्डवर आदळले, दोन टाके पडले. घरी आल्यावर मागचे पट्टे शोधू लागलो, तर त्यांची कुलपे सीटकव्हरखाली दबलेली. कव्हर घालताना ती आम्हीच दाबली होती! पाच ताऱ्यांचे मोल आम्ही दोन हजारांच्या कव्हराखाली पुरून ठेवले होते.

पट्टा न लावता बसलेल्यास एअरबॅग वाचवीलच असे नाही. मांडीवरच्या मुलाला तर तीच इजा करू शकते. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर कायद्याने हजार रुपये दंड आहे. काही जण पट्ट्याची घंटी वाजू नये म्हणून नुसती क्लिप खोचतात. अशा क्लिपा विक्रीतून काढण्याचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२३ साली पाच ऑनलाइन कंपन्यांना द्यावा लागला, इतकी ही खोड पसरली आहे.

त्या दिवसापासून आमच्या घरी नियम झाला : पट्टे पाच, माणसे पाच. पुढच्या लग्नाला थोरल्या वहिनींना आम्ही एसटीचे तिकीट काढून दिले. वहिनी रागावल्या. "गाडी आली आणि माणसे परकी झाली," असे चारचौघांत बोलल्या. सहा महिने आमच्या घरी पाय ठेवला नाही. चूक आमचीही होती. नियम आम्ही दुसऱ्याला लावला होता. त्यानंतरच्या कार्याला मुलाच्या हाती गाडी दिली, वहिनींना पुढे बसविले आणि आम्ही स्वतः एसटीने गेलो. मांडवात त्यांनीच हाक मारली, "भाऊजी, जागा धरून ठेवलीय, या."

तेव्हा त्या तरुणास आमचे सांगणे इतकेच. बाबा रे, हिशेबात बसत असेल तर गाडी जरूर घे. पण घरी आणलीस की पहिल्या दिवशी मागचे पट्टे ओढून पाहा, कुलपे कव्हराच्या वर काढ. आणि सहावा माणूस आला तर एसटीने जाण्याची तयारी आधी स्वतःची ठेव.