आधी तिघांना, मग मला!



तुमच्यापैकी काहीजण संगणकावर वेबपान तयार करायला शिकले असतील. टॅग कुठे उघडायचा, कुठे बंद करायचा, हे त्यांना पाठच झालं असेल. शाब्बास! पण आपल्याला येतं ते दुसऱ्याला शिकवणं, ही वेगळीच विद्या आहे, बरं का!

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात जेम्स वेल्टन नावाचा एक शाळकरी मुलगा होता. गाणी ऐकायच्या 'आयपॉड नॅनो' या यंत्रात त्यानं खटपट करून फेरफार केले आणि त्याचं नाव झालं. शाळेतल्या धाकट्या मुलांनाही मग संगणक शिकावासा वाटू लागला. जेम्सनं शाळेतच क्लब काढला आणि त्यांना एचटीएमएल, सीएसएस शिकवायला लागला. पुढे २०११ साली बिल लियाओ या उद्योजकाच्या साथीनं त्यातून 'कोडरडोजो' ही चळवळ उभी राहिली. 'डोजो' हा जपानी शब्द. आपण त्याला तालीम म्हणू! ७ ते १७ वर्षांच्या मुलांना तिथे फुकट शिकायला मिळे.

या तालमीत एक गंमतीची रीत होती : 'आधी तिघांना विचार, मग मला.' अडलं की लगेच मोठ्यांकडे धावायचं नाही. आधी शेजारच्या दोस्तांना विचारायचं, स्वतः शोधायचं. त्यानं विचारणाऱ्याला शोधायची सवय लागते आणि सांगणाऱ्याचंही ज्ञान पक्कं होतं.

आता समजा, तुमची धाकटी बहीण वेबपान करतेय. एक शब्द ठळक करायला तिनं टॅग उघडला, पण बंद करायची विसरली. झालं! पुढची सगळी अक्षरं ठळक! गंमत म्हणजे ब्राउझर 'चूक झाली' असं काही सांगत नाही. बिचारी रडवेली होते. अशा वेळी आपण काय करतो? 'सरक, तुला नाही जमायचं,' म्हणून माऊस हिसकावतो. पान दुरुस्त होतं, पण बहीण काहीच शिकत नाही. उलट, 'आपल्याला हे येणारच नाही,' असं तिच्या मनात बसतं. पुन्हा ती संगणकापाशी येत नाही.

त्यापेक्षा हात मागे बांधून बसा आणि विचारा, "कुठल्या शब्दापासून बिघडलं गं? त्याच्या आधी तू काय लिहिलंयस?" मग थोडं थांबा. चूक तिची तिलाच सापडू दे. तेव्हा तिचा चेहरा बघा कसा खुलतो!

पालकहो, तुम्हालाही हेच सांगणं. पाटीवर अक्षर गिरवताना आपण मुलाचा हात धरतो, पण एके दिवशी तो सोडावाच लागतो ना?

तर मुलांनो, या रविवारी एखाद्या नवख्या दोस्ताला त्याच्या नावाचं वेबपान करायला शिकवा. अट एकच : माऊस त्याच्याच हातात हवा! जमेल ना?