साठीनंतर चाकावर बसताना

निवृत्तीनंतर कुंभाराच्या चाकावर भांडी घडविण्यास शिकावे, असे अनेकांच्या मनात येते. घरची मंडळी मात्र धास्तावतात. केवळ वयापायी हा छंद नाकारण्याचे कारण नाही. काही पथ्ये सांभाळावीत.

मातीचा गोळा चाकाच्या मध्यावर स्थिर करताना नवशिका बोटांनीच जोर लावतो. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असल्यास तेथे दुखणे उसळते. कोपरे मांडीवर टेकवून अंगाचा भार द्यावा. माती मऊ मळलेली आणि गोळा अर्ध्या किलोचाच घ्यावा. हाडे ठिसूळ झालेल्यांनी कमरेत वाकून बसणे व मातीची पोती उचलणे टाळावे. मणका दबून मोडू शकतो. विजेवरचे चाक उंचावर बसवून घ्यावे आणि दर २० मिनिटांनी उठावे.

वाळलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षे श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांना कायमची इजा होते. वर्गात झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसतात ना, हे प्रवेशापूर्वीच पाहावे. मधुमेहींनी हातावर जखम असताना मातीत हात घालू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती : पहिले भांडे वाकडेच होईल. त्यास हसू नका. पुढच्या वर्गाला सोबत जा.