नोंदीबाहेरचे मृत्यू

९ जून २०२५ रोजी सकाळी मध्य रेल्वेच्या दिवा आणि मुंब्रा स्थानकांदरम्यान दोन लोकलगाड्या परस्परांशेजारून जात होत्या. दोन्ही गाड्या गर्दीने ओसंडत होत्या आणि दारांत माणसे लोंबकळत होती. वळणावर काही प्रवासी रुळांवर फेकले गेले. त्यांतील चौघांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. वृत्तपत्रांनी मोठे मथळे दिले, शासनाने स्वयंचलित दारांचे आश्वासन दिले आणि दुसऱ्या दिवशी त्याच मार्गावर तीच गर्दी तशीच लोंबकळत कामावर गेली. या साऱ्या कोलाहलात एक मूलभूत प्रश्न मात्र फारसा विचारला गेला नाही. त्या सकाळी गाड्या एकमेकींवर आदळल्या नव्हत्या, एकही डबा घसरला नव्हता, कोठे आग लागली नव्हती. मग सरकारी परिभाषेत हा 'रेल्वे अपघात' ठरतो काय?

या प्रश्नाचे उत्तर नियमांत शोधावे लागते. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम ११३ नुसार मनुष्यहानी किंवा गंभीर दुखापत झालेला अपघात, प्रवासी गाडीची टक्कर, प्रवासी गाडीचे रुळांवरून घसरणे अशा घटनांची वर्दी विनाविलंब देणे बंधनकारक आहे. नजीकच्या स्थानकाच्या स्टेशन मास्तरने जिल्हा दंडाधिकारी व पोलीस अधीक्षक यांना कळवायचे आणि रेल्वे प्रशासनाने राज्य शासन व रेल्वे सुरक्षा आयुक्त यांना कळवायचे, अशी ही रचना आहे. कलम ११४ नुसार प्रवासी गाडीच्या गंभीर अपघाताची चौकशी सुरक्षा आयुक्त करतात. हा आयोग रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर १९६७ पासून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. ज्याची चौकशी करायची त्याच्याच हाताखाली चौकशी करणाराने राहू नये, हा त्यामागील विचार निःसंशय योग्य आहे.

कायद्याचे शब्द असे व्यापक असले तरी व्यवहारात त्यांना वेगळेच वळण मिळाले आहे. रेल्वेच्या अपघातविषयक नियमावल्यांमध्ये 'गंभीर अपघात' या संज्ञेची व्याख्या करताना काही मृत्यू स्पष्टपणे वगळले आहेत. रुळ ओलांडताना स्वतःच्या निष्काळजीपणामुळे गाडीखाली आलेली व्यक्ती वगळली आहे. स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू पावलेला प्रवासीही वगळला आहे. एवढेच नव्हे, तर पायरीवर, टपावर किंवा बफरवर उभे राहून प्रवास करताना मरण पावलेली व्यक्तीही वगळली आहे, मग तिच्या खिशात रीतसर तिकीट वा पास असला तरी! ज्या महानगरात सकाळच्या वेळी पायरीवर पाऊल टेकवायला मिळणे हेच भाग्य समजले जाते, तेथे या एका वाक्याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगावयास नको.

निष्काळजीपणा कोणाचा, हे खरे तर चौकशीअंती ठरावयाचे असते. येथे तो आधीच गृहीत धरून चौकशीचे दार बंद केले जाते. निष्कर्ष आधी आणि तपास कधीच नाही, असा हा उफराटा न्याय आहे.

परिणामी देशात रेल्वेवरील मृत्यूंचे दोन हिशेब चालतात. पहिला हिशेब रेल्वेचा. टक्कर, घसरण, आग, लेव्हल क्रॉसिंग अशा शीर्षकांखालील मोठे अपघात २०१४-१५ मध्ये १३५ होते. ते २०२४-२५ मध्ये ३१ वर आले. रुळांचे नूतनीकरण, सिग्नल यंत्रणेतील सुधारणा आणि हजारो कर्मचाऱ्यांचे श्रम यांचे हे फलित असून त्याचे श्रेय मोकळ्या मनाने दिलेच पाहिजे. दुसरा हिशेब राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा. पोलिसांकडून आलेल्या माहितीच्या आधारे या विभागाने २०२१ या एका वर्षात रेल्वेशी संबंधित दुर्घटनांत १६ हजारांहून अधिक मृत्यू नोंदविले. त्यांतील बहुसंख्य गाडीतून पडून किंवा रुळांवर गाडीची धडक बसून झालेले होते. रेल्वेच्या यादीत २०२१-२२ चे अपघात होते अवघे ३५. दोन्ही आकडे सरकारीच आहेत आणि आपापल्या व्याख्येनुसार दोन्ही खरे आहेत. या दोहोंमधील दरीत जी माणसे पडतात, त्यांच्याविषयी मात्र कोणीच उत्तरदायी नाही.

मुंबईत ही दरी सर्वाधिक खोल आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी गाडी ज्या मार्गावर धावली, त्याच मार्गावर आज माणसे रोज मरतात. मुंबई उच्च न्यायालयापुढे २०२४ मध्ये आलेल्या जनहित याचिकेतील माहितीनुसार २०२३ या वर्षी उपनगरी मार्गांवर २,५९० जणांचा मृत्यू झाला. दिवसाला सात! प्रवाशांची जनावरांप्रमाणे वाहतूक होते, अशा शब्दांत न्यायालयाने उद्वेग व्यक्त केला. त्यापूर्वी २०१२ मध्ये डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने रुळ ओलांडताना देशात दरवर्षी सुमारे १५ हजार माणसे मरतात आणि त्यांतील सुमारे सहा हजार एकट्या मुंबईच्या उपनगरी सेवेवर मरतात, हे नमूद केले होते. कोणत्याही सुसंस्कृत समाजाने असा संहार सहन करता कामा नये, असेही समितीने बजावले होते. तेव्हापासून मुंबईतील संख्या खाली आली आहे, पण आजही ती लज्जास्पदच आहे.

असा मृत्यू झाला की काय घडते? स्टेशन मास्तर लोहमार्ग पोलिसांना मेमो देतो, मृतदेह उचलला जातो, अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो आणि वाहतूक पूर्ववत सुरू होते. लोहमार्ग पोलीस राज्याचे, रुळ केंद्राचे. पोलिसांनी पाहावयाचे ते घातपात आहे की नाही एवढेच. त्या ठिकाणी पादचारी पूल किती अंतरावर आहे, फलाट आणि डबा यांत अंतर किती आहे, वळणावर दोन गाड्यांमध्ये पुरेशी मोकळी जागा आहे काय, हे प्रश्न अकस्मात मृत्यूच्या कागदात मावत नाहीत. त्याच ठिकाणी पुढच्या महिन्यात दुसरा मृत्यू झाला, तर दुसरा कागद तयार होतो. दोन कागद एकमेकांशेजारी ठेवून पाहणे हे कोणाचेच विहित कर्तव्य नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. रुळ ओलांडणे हा कायद्याने गुन्हा आहे, काही जण आत्महत्या करतात. मग याचे खापर रेल्वेवर का फोडावे? आक्षेप अगदीच निराधार नाही. नागरिकांची बेशिस्त हे कटू वास्तव आहे आणि पूल असतानाही रुळांवर उतरणारा स्वतःच्या जीविताशी खेळतो, हे कोणी नाकारू शकत नाही. परंतु येथे दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. नोंद म्हणजे दोषारोप नव्हे. अमेरिकेत रेल्वे कंपन्यांना १९१० च्या कायद्यापासून अपघातांचे अहवाल शासनाला द्यावे लागतात. तेथील आजच्या संघीय नियमांनुसार महिना संपल्यावर ३० दिवसांत हा अहवाल जातो. त्यात विनापरवाना रुळांवर आलेल्या व्यक्तींचे मृत्यूही स्वतंत्र वर्गात नोंदविले जातात, आत्महत्यांचा रकाना वेगळा असतो आणि ही आकडेवारी जनतेसाठी खुली असते. विशेष म्हणजे हा अहवाल नुकसानभरपाईच्या दाव्यात कंपनीविरुद्ध वापरता येत नाही. दोषाची भीती काढून टाकली की सत्य सांगणे सोपे जाते, हे साधे मानसशास्त्र त्यामागे आहे. प्रत्येक परकीय पद्धत उचलावी असे नाही. परंतु माणूस मोजण्याची पद्धत स्वीकारण्यात कमीपणा कसला?

मोजल्याने काय साधते, याचे उदाहरण आपल्याच रेल्वेने घालून दिले आहे. रक्षकविरहित लेव्हल क्रॉसिंगवरचे अपघात रेल्वेच्या यादीत समाविष्ट होते. दरवर्षी ते आकडे डोळ्यांत खुपत, संसदेत विचारले जात. अखेर निर्धारपूर्वक मोहीम हाती घेण्यात आली आणि जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेज मार्गांवरील सर्व रक्षकविरहित क्रॉसिंग संपुष्टात आली. तेथेही वाहनचालकाचा निष्काळजीपणा हेच कारण पुष्कळदा सांगितले जात असे. तरीही आकडा रेल्वेच्या नावावर चढत होता, म्हणून उपाय निघाला. जे मोजले जाते त्याची चिंता वाहिली जाते. जे मोजलेच जात नाही ते हळूहळू नित्याचे होऊन बसते.

आणखी एक विसंगती विचार करण्यासारखी आहे. १९९४ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १२४-अ अन्वये गाडीतून अपघाताने पडणे ही भरपाईस पात्र 'अनुचित घटना' आहे. गाडीत चढता-उतरताना पडलेल्या प्रवाशालाही हे संरक्षण मिळते आणि मृतापाशी तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे भरपाईच्या कलमात जो मृत्यू मान्य आहे, तोच सुरक्षेच्या ताळेबंदात अमान्य! विधवेच्या हाती धनादेश देताना शासन ज्याला आपले मानते, त्याला वार्षिक अहवालात का परके करते?

'गाडीचा अपघात' केंद्रस्थानी ठेवणारी ही दृष्टी जुनी आहे. कलम ११३ चा सांगाडा इंग्रजांच्या १८९० च्या रेल्वे कायद्यातील कलम ८३ मधून आलेला आहे. तेव्हा रेल्वे हा परकीय सत्तेचा आणि भांडवलाचा उद्योग होता. डबे, इंजिने, मार्ग यांची हानी ही त्यांची चिंता असणे स्वाभाविक होते. स्वतंत्र राष्ट्राची रेल्वे ही मात्र जनतेची आहे आणि तिची सर्वांत मौल्यवान मालमत्ता म्हणजे तिच्यातून प्रवास करणारा माणूस.

उपाय अवघड नाही. रेल्वेच्या हद्दीतील प्रत्येक मृत्यू आणि प्रत्येक गंभीर दुखापत, कारण कोणतेही असो, एकाच राष्ट्रीय नोंदवहीत यावी. ठिकाण, वेळ व प्रकार यांसह ती प्रसिद्ध व्हावी. आत्महत्या, रुळ ओलांडणे, गाडीतून पडणे यांचे रकाने खुशाल वेगळे असावेत. एकाच ठिकाणी वारंवार मृत्यू घडत असतील, तर तेथे सुरक्षा आयुक्तांची चौकशी अनिवार्य व्हावी. यासाठी नवे रुळ टाकावे लागत नाहीत; नियमावलीतील काही ओळी बदलाव्या लागतात.

सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडलेला माणूस संध्याकाळी परतला नाही, तर त्याच्या घरात तो अपघातच असतो. शासनाच्या दप्तरातही तो अपघातच असला पाहिजे.