‘होतंच बाई असं!’

१ जून २०१७ ला पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि गोदाकाठचं, चांगदेवांच्या समाधीचं हे गाव महाराष्ट्रभर गाजलं. मालाला भाव न मिळणं काही नवं नव्हतं. पण वर्षानुवर्षं चालत आलंय म्हणून ते बरोबर आहे, असं गावाने मानलं नाही. मैत्रिणींनो, याच गावातल्या, आणि तुमच्या-माझ्याही घरातल्या बाईने आपल्या शरीराबद्दल असा प्रश्न कधी विचारलाय का?

रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते. भरलेला हंडा उचलला की खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं. शिंक आली की कपडे ओले होतात. कच्चे तांदूळ नाहीतर माती खावीशी वाटते. मध्येच कानशिलं तापतात आणि अंग घामाने भिजतं. मग धीर करून जावेला किंवा शेजारणीला हळूच विचारायचं, ‘तुला बी होतं का गं असं?’ उत्तर ठरलेलं, ‘होतंच बाई असं, सगळ्यांनाच होतं.’ विचारणारीला हायसं वाटतं आणि विषय संपतो.

माझं म्हणणं एवढंच, की विषय तिथे संपू नये. सगळ्यांना होतं ते सगळं नॉर्मल असतंच असं नाही.

याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० बायकांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी एक तरी आजार होता. त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के! शंभरातल्या ब्याण्णव जणी आजारी असतील, तर शेजारणीला विचारून काय कळणार? तिलाही तेच होत असणार.

रक्त कमी असण्याचंही तसंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये ते कमी आढळलं. चार पायऱ्या चढून धाप लागणं, माती खावीशी वाटणं, रात्री पाय सारखे हलवावेसे वाटणं, या सगळ्यामागे लोह कमी असू शकतं. हाताच्या मुंग्यांमागे बरेचदा मनगटात दाबली गेलेली शीर असते. खुरपणी, धारा काढणं, कणीक मळणं या कामांनी ती आणखी दुखावते. पण मधुमेह किंवा थायरॉइडमुळेही असं होतं. खाली उतरल्यासारखं वाटणं म्हणजे अंग बाहेर येण्याची सुरुवात असू शकते. वेळीच दाखवलं तर व्यायामानेही फरक पडतो.

उलट काही गोष्टींना उगाच घाबरायला नको. पापणी लवणं, झोप लागता लागता पडल्यासारखं दचकणं, पाळीच्या मध्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा स्राव जाणं, पाळी जाण्याच्या वयात अंगातून वाफा निघणं, हे बहुतेक वेळा शरीराचं नेहमीचंच काम असतं. स्रावाला वास आला, खाज सुटली, रंग बदलला तर मात्र दाखवायला हवं. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं, तरी ‘होतंच असं’ म्हणायचं नाही. लगेच दवाखाना गाठायचा.

दवाखान्यात जायचं, तेही डोळे उघडे ठेवून. २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. आधी वर्षानुवर्षं अंगावर काढायचं आणि मग कुणी ‘कॅन्सर होईल’ म्हणून घाबरवलं की पिशवीच काढून टाकायची, ही दोन्ही टोकं एकाच अज्ञानातून येतात. आपल्याला काय होतंय हे नीट सांगता येणारी बाई ‘तपासणी काय निघाली? दुसरा उपाय आहे का?’ असंही विचारू शकते.

हे शिकायला शाळा लागत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातच, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून काम उभं केलं. तिथे निरक्षर बायकासुद्धा आरोग्याचं शिक्षण घेऊन आपापल्या गावाच्या आधार झाल्या. आज गावोगावी आशाताई आहेत, आरोग्य केंद्रात रक्ततपासणी होते. कमी आहे ती आपल्या तोंडून निघणाऱ्या पहिल्या वाक्याची.

गाईने एक वेळ वैरण सोडली तर घरातले लगेच डॉक्टरला फोन लावतात. ‘थांबा, सगळ्याच गाई असं करतात,’ असं कुणी म्हणत नाही.

म्हणून पुढच्या वेळी कुणी ‘तुला बी होतं का?’ असं विचारलं, तर ‘होतं’ म्हणून गप्प बसू नका. कधीपासून होतंय, वाढतंय का, झोप मोडते का, कामाला अडतं का, एवढं विचारा. आणि म्हणा, ‘मलाही होतं. चल, दोघी मिळून दाखवून येऊ.’