तोंड दिसेल अशी सुरी

धुळ्याच्या देवपुरात धारवाल्याची हाक आली की विळ्या-सुऱ्या बाहेर निघतात, आणि त्यांत हल्ली एखादी आरशागत चकचकीत सुरीही असते. ही चकाकी निव्वळ मिरवायची नव्हे. बारीक होत जाणाऱ्या पॉलिशपेपरने ओरखडे घासून काढले, शेवटी बफवर मसाला लावून पातं फिरवलं, की पाणी आणि रस अडकायला खाच उरत नाही. गंज उशिरा धरतो. साध्या पोलादाला हा फायदा मोठा. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने क्रोमियमचं पोलाद ओतलं, तेव्हापासून स्टेनलेसला गंजाचा तेवढा धाक नाही. गोम कळते ती भाजी चिरताना: गुळगुळीत पात्याला बटाट्याची ओली चकती अशी चिकटते की बोटानेच सोडवावी लागते. मधे हवाच शिरत नाही ना! रावेर-यावलच्या केळीबागांत तर ही हौस टिकायचीच नाही. केळीचा चीक पातं काळं करून टाकतो. घड उतरवणारा धारेपुरतं पाहतो, आणि धार असते कडेच्या केसाएवढ्या पट्टीत, पात्याच्या अंगावर नाही. शिवाय घरात तारेची घासणी एकदा फिरली, की सगळी मेहनत पाण्यात; चकचकीत पात्यावर ओरखडा लांबूनही दिसतो.