आईला आवाज सोसत नाही

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे दवाखान्यातले कागद वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. आईच्या कागदांवर वर्षभर मी एकच शब्द वाचला : नॉर्मल. रक्त नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल. मग अंग का ठणकते? "मनाचे खेळ आहेत," एक डॉक्टर म्हणाले. आजी म्हणाली, "नखरे!"

दुखणे एकवेळ लोक समजून घेतात. पण शेजारच्या फोडणीचा वास, ट्यूबलाइटचा उजेड, हातातल्या बांगड्यांचा दाबसुद्धा सोसत नाही म्हटले, की ऐकणारा हसतो. मीही हसलो होतो.

अखेर संधिवाताच्या एका डॉक्टरांनी नाव सांगितले : फायब्रोमायल्जिया. यात सांधे सुजत वा झिजत नाहीत. मेंदू आणि मज्जारज्जू प्रत्येक संवेदना वाढवून घेतात. रेडिओ कोणीतरी मोठा करून ठेवावा तसे. म्हणून आवाज आणि उजेडही बोचतात, झोपून उठले तरी शीण जात नाही. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या १९९० च्या निकषांत अंगभर दुखणे असावे आणि १८ बिंदूंपैकी ११ दाबल्यावर दुखावेत, असे होते. शीण, झोप, विसराळूपणा यांना २०१० च्या निकषांत जागा मिळाली. शास्त्राला वीस वर्षे लागली, तिथे आजीला काय बोलू?

आता गणपतीविषयी. आम्ही लक्ष्मी रस्त्यामागच्या एका गल्लीत राहतो. अनंत चतुर्दशीला मंडईतून निघालेली मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चालूच असते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रुग्णालयाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र करता येते. घरातल्या रोग्याभोवती किती मीटर? त्या रात्री आई कानात कापूस घालून, डोक्यावरून गोधडी घेऊन मोरीपाशी बसते, कारण तिथे खिडकी नाही.

मी स्वतः पथकात ढोल वाजवतो. नदीपात्रातल्या सरावाची झिंग मला ठाऊक आहे; सगळे बंद करा म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण भिंतीएवढे स्पीकर लावून तावदाने थरथरवणे, याला मी भक्ती म्हणणार नाही. यंदा मंडळाच्या बैठकीत मी एवढेच मागितले, की स्पीकरची तोंडे गल्लीकडे नकोत. एक दादा म्हणाले, "एका दिवसाचं तर आहे. काकूंना गावी धाड." आईने काय गुन्हा केला म्हणून तिने घर सोडायचे, असे मी विचारले. कोणी बोलले नाही. अध्यक्षांनी माझे नाव मात्र वहीत लिहून घेतले.